डंडीच्या धक्क्यावर उतरलेला ताग आणि देवमाशाचे तेल

पाणवठा (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदी समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या उत्तर तीरावर डंडी नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकातील बंदरांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा लंडन, लिव्हरपूल आणि फार तर ग्लासगो यांची नावे येतात. डंडीचा उल्लेख झालाच तर तो कलकत्त्याच्या ताग गिरण्यांच्या संदर्भात, एखाद्या ओळीपुरता. मला मात्र हे शहर गेल्या काही वर्षांत फार जवळचे वाटू लागले आहे. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याने कंबरभर पाण्यात उभे राहून सोललेला धागा आणि ग्रीनलंडच्या पश्चिमेला बर्फात मारलेल्या देवमाशाचे तेल, या दोन वस्तू जेथे उतरल्या आणि एकमेकींत मुरल्या, असा दुसरा धक्का माझ्या वाचनात नाही. डंडीच्या इतिहासात गिरण्यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढेच बंदरालाही द्यायला हवे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

तागाच्या आधी डंडी हे लिननचे गाव होते. जवसाच्या झाडापासून निघणारा तंतू रिगा, सेंट पीटर्सबर्ग अशा बाल्टिक बंदरांतून जहाजाने येई आणि येथे त्याचे जाडेभरडे कापड विणले जाई. शिडांचे कापड हा त्यातला मानाचा माल होता. पण ऑस्नाबर्ग नावाचे जे स्वस्त, खरखरीत कापड निघे, त्याचा मोठा भाग वेस्ट इंडीजमधील आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या अंगावर जात होता. दूरच्या देशातून कच्चा माल आणायचा, तो स्वस्तात विणायचा आणि आणखी दूर पाठवायचा, ही रीत या शहराला ताग येण्यापूर्वीच अंगवळणी पडली होती.

बंदराची मूळ अडचण भरती-ओहोटीची होती. ओहोटीला पाणी मागे हटले की जहाज चिखलात टेकत असे आणि मालाची चढउतार थांबत असे. १८१५ मध्ये बंदरासाठी स्वतंत्र कायदा झाला, त्याचा कारभार नगरपरिषदेच्या हातून निघाला आणि टॉमस टेलफर्ड या विख्यात अभियंत्याच्या आराखड्यानुसार दरवाजांची गोदी बांधण्यात आली. भरतीचे पाणी आत घेऊन दरवाजे लावले की बाहेर ओहोटी असली तरी जहाज आत तरंगत राही. ही गोदी १८२५ मध्ये सुरू झाली, १८३४ मध्ये तिच्या शेजारी अर्ल ग्रे गोदी झाली आणि पुढे कॅम्परडाउन व व्हिक्टोरिया या आणखी मोठ्या गोद्यांची भर पडली. शेकडो टन तागाचे जहाज चिखलात टेकवून रिकामे करणे ही गोष्ट परवडण्याजोगी नव्हती, म्हणून ही बांधकामे मी गिरण्यांच्या आधी सांगतो.

तागाचे पहिले नमुने १८२० च्या दशकात डंडीत पोहोचले तेव्हा गिरणीवाल्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. हा तंतू राठ आणि ठिसूळ होता आणि जवसासाठी केलेल्या यंत्रांवर तो तटातट तुटत असे. त्याला देवमाशाचे तेल आणि पाणी पाजून काही काळ मुरत ठेवले तर तो नरम पडतो, हे ध्यानात आल्यावर १८३० च्या दशकात यंत्रावरची कताई साधली. १८३८ मध्ये डच सरकारने जावा बेटावरील कॉफी भरण्यासाठी तागाच्या पोत्यांची मोठी मागणी नोंदवली आणि गिरणीवाल्यांची भीड चेपली. १८४० मध्ये कलकत्त्याहून थेट डंडीला ताग घेऊन जहाज आले. तोपर्यंत हा माल लंडन किंवा लिव्हरपूलमार्गे फिरून येत असे.

या ठिकाणी देवमाशाचा धंदा समजून घेणे आवश्यक आहे. डंडीची जहाजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून उत्तर समुद्रात देवमासे मारायला जात होती आणि ते तेल दिव्यांसाठी विकले जात होते. शहरांत कोळशाचा वायू आल्यावर दिव्याच्या तेलाची मागणी घसरली आणि ब्रिटनच्या एकेका बंदरातून हा धंदा उठत गेला. डंडीत तो टिकला, इतकेच नव्हे तर वाढला, कारण तेलाचे नवे गिऱ्हाईक त्याच गावात, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले होते. १८५७ मध्ये डंडीच्या ‘टे’ या जहाजावर वाफेचे इंजिन बसवले गेले आणि दोनच वर्षांत ‘नारव्हल’ हे मुळातच इंजिनासह बांधलेले जहाज पाण्यात उतरले. बर्फाचा दाब सोसणारे जाड लाकडी सांगाडे आणि वाफेची ताकद यांच्या जोरावर डंडी हे ब्रिटनमधील देवमाशांच्या शिकारीचे प्रमुख बंदर झाले. जहाजे हिवाळा सरता सरता निघत, आधी न्यूफाउंडलंडच्या बर्फावर सील मारत, मग डेव्हिस सामुद्रधुनीकडे देवमाशांच्या मागे जात आणि शरद ऋतूत परतत. चरबी पिंपांत भरून आणली जाई आणि बंदराजवळच्या आवारांत कढवली जाई. त्या दुर्गंधीच्या वस्तीतील एका रस्त्याचे नाव आजही ईस्ट व्हेल लेन असे आहे.

दोन युद्धांनी उरलेले काम केले. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) रशियन जवसाचा पुरवठा अडला, तेव्हा तागाने त्याची जागा घेतली. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) कापसाची टंचाई झाली आणि सैन्यांना तंबू, गाड्यांवरची आच्छादने आणि वाळूची पोती लागली. याच चार वर्षांत आपल्या मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता, शेअरबाजाराचे वेड शिगेला पोहोचले होते आणि १८६५ च्या जुलैत प्रेमचंद रायचंदांसकट असंख्यांचे दिवाळे वाजले, हे येथील वाचकांना ठाऊक आहेच. मुंबईच्या आणि डंडीच्या भरभराटीला एकच युद्ध कारण झाले. मुंबईचा बराचसा पैसा सट्ट्यात बुडाला, डंडीचा पैसा विटांच्या भिंतींत आणि चिमण्यांत उभा राहिला. लॉकी या उपनगरात कॉक्स बंधूंचा कॅम्परडाउन कारखाना होता. तेथे सुमारे ५,००० माणसे काम करत आणि ताग गिरण्यांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जाई. १८६५-६६ मध्ये बांधलेली त्याची ८६ मीटर उंच, रंगीत विटांच्या नक्षीची चिमणी अजून उभी आहे. शतकाच्या आरंभी डंडीची लोकसंख्या सुमारे २६,००० होती, ती शतक संपता संपता १,६०,००० च्या घरात गेली.

जाणकारांनी भर घालावी.


भुसार आळी

पाणवठा, तुमचा लेख वाचून आमच्या पेढीवरचे दिवस आठवले. आमच्या आजोबांचा बारदानाचा धंदा होता. बाजारात धान्य ज्यात भरून येई ती रिकामी पोती गोळा करायची, झटकायची, फाटकी वेगळी काढून दाभणाने शिवायची आणि गठ्ठे बांधून पुन्हा विकायची, हे काम मी लहानपणी केले आहे. नवे पोते उघडले की त्याला एक तेलकट वास येत असे. तो वास मूळ तागाचाच आहे, अशी माझी समजूत होती.

माझे दोन प्रश्न आहेत. तेल पाजण्याची ही क्रिया कशी होत असे? आणि आमच्या गावाकडे शेतकरी जो ताग पेरतात तोच हा ताग का?


शेतीवाडी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण हा घोटाळा मराठीत नेहमी होतो. आपल्याकडे उसाच्या किंवा भाताच्या आधी हिरवळीचे खत म्हणून जो ताग पेरतात आणि फुलावर आला की नांगरून गाडतात, तो शेंगवर्गातला असतो, त्याला पिवळी फुले येतात आणि काही भागांत त्याला बोरू म्हणतात. त्याच्याही सालीचा दोर होतो. पोत्यांचा ताग म्हणजे ज्यूट ही निराळी वनस्पती आहे. बंगालीत तिला पाट म्हणतात आणि तिला पुराचा गाळ, दमट हवा आणि भरपूर साचलेले पाणी लागते.

पाणी दोनदा लागते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकदा वाढीला आणि दुसऱ्यांदा कापणीनंतर, कारण कापलेल्या खोडांच्या पेंढ्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजत घालाव्या लागतात. साल पुरेशी सुटली की शेतकरी त्या पाण्यात उतरून हातांनी तंतू ओढून काढतो, धुतो आणि वाळवतो. पेंढ्या एक-दोन दिवस जास्त राहिल्या तर तंतू कमजोर होतो, लवकर काढल्या तर त्याला साल चिकटून राहते. डंडीतल्या कामगाराच्या हातात जो माल पडे त्याची अर्धी प्रतवारी या कुजक्या पाण्यात ठरत होती.


पाणवठा (धागाकर्ता)

शेतीवाडी, मनःपूर्वक आभार. हा फरक मी मूळ लेखातच सांगायला हवा होता.

भुसार आळी, तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी. ताग ४०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८१ किलोंच्या, घट्ट दाबलेल्या गासड्यांतून येई. इतक्या दाबामुळे आतला तंतू फळीसारखा घट्ट झालेला असे. गासडी फोडून त्याची मुठी-मुठींत विभागणी करायची, खोबणीदार रुळांमधून तो चेचून काढायचा, त्यावर तेल आणि पाणी यांचे मिश्रण शिंपडायचे आणि थर लावून मुरू द्यायचा. या टप्प्याला बॅचिंग म्हणत. त्यानंतर पिंजण, पेळू, सूत, ताणा, माग असा प्रवास होऊन शेवटी कापड जड रुळांखाली दाबून गुळगुळीत केले जाई. पुढे देवमाशाच्या तेलाऐवजी खनिज तेल वापरात आले, तरी क्रिया तीच राहिली. तुमच्या नव्या पोत्याचा वास या बॅचिंगच्या तेलाचा असणार.


वेत्रवती

धाग्यात गोदी आली, जहाजे आली, गिरणीमालक आले, पण ज्यांच्या हातांनी हा माल विणला त्या स्त्रियांचा उल्लेख अद्याप झालेला नाही. डंडीला स्कॉटलंडमध्ये ‘बायकांचे गाव’ म्हणत. ताग गिरण्यांत तीन स्त्रियांमागे साधारण एक पुरुष असे प्रमाण होते. मुलगे लहानपणी कामावर घेतले जात आणि प्रौढ पुरुषाची मजुरी मागण्याच्या वयाचे झाले की काढून टाकले जात, कारण तेच काम स्त्री कमी पैशांत करत होती. त्यामुळे असंख्य घरांत बायको गिरणीत आणि नवरा घरी, अशी स्थिती होती. अशा पुरुषांना तेथील बोलीत ‘केटल-बॉयलर’ म्हणत, म्हणजे बायको येईपर्यंत चहाचे आधण ठेवणारे.

या स्त्रियांमध्येही पायऱ्या होत्या. सूत कातणाऱ्या बायका धुळीत आणि तेलात काम करत, डोक्यावर शाल घेऊन रस्त्याने जात. मागावर विणणाऱ्या बायका स्वतःला त्यांच्याहून वरच्या समजत, टोपी आणि हातमोजे घालून कामावर येत आणि कातणाऱ्यांशी फारसा संबंध ठेवत नसत. मागांचा आवाज इतका असे की बोलणे अशक्य होते. त्या ओठांच्या हालचाली वाचत, हातवाऱ्यांनी संभाषण करत आणि वय वाढले की बहुतेकींना ऐकू येत नसे. धूळ छातीत जाऊन नव्याने आलेल्या मुलींना ताप चढे, त्याला ‘गिरणीचा ताप’ असेच नाव पडले होते.

मुलांविषयी लिहिताना मला त्रास होतो. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलाला गिरणीत घेता येत असे, अट एवढीच की त्याने अर्धा वेळ काम करावे आणि अर्धा वेळ शाळेत बसावे. अशा मुलांना ‘अर्धवेळे’ म्हणत. पुढे पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार येथे आयुष्य घालवणारी मिशनरी मेरी स्लेसर अकराव्या वर्षी डंडीच्या बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत अशीच अर्धवेळ कामाला लागली होती. पहाटे उठून यंत्रांखाली वावरलेले मूल दुपारी शाळेच्या बाकावर झोपी जाणार नाही तर काय करणार?

आणखी एक गोष्ट, आयर्लंडची. तेथील १८४५ नंतरच्या दुष्काळातून आणि घरगुती लिननचा धंदा बसल्यामुळे हजारो कुटुंबे येथे आली. १८५१ च्या खानेसुमारीत डंडीतील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे आयर्लंडमध्ये जन्मलेली होती आणि त्यांतही स्त्रियांचा भरणा अधिक होता. कॉक्स बंधूंच्या कारखान्याभोवतीच्या लॉकीला लोक ‘लिटल टिपररी’ म्हणत. तुमचा बंदराचा मुद्दा मला मान्य आहे, पण बंदरात उतरलेल्या गोष्टींच्या यादीत ताग आणि तेल यांच्या जोडीला या भुकेल्या मुलीही धरा.


पाणवठा (धागाकर्ता)

वेत्रवती, तुमची दुरुस्ती मी पूर्णपणे स्वीकारतो. त्या मुलींना वगळून केलेली बंदराची यादी अपुरीच आहे.

आता डंडीचे वैभव ओसरू कसे लागले, त्याविषयी. त्याचे बीज डंडीनेच पेरले होते. १८५५ मध्ये जॉर्ज अ‍ॅकलंड यांनी कलकत्त्याजवळ रिशडा येथे ताग कातण्याची पहिली गिरणी काढली आणि तिची यंत्रे डंडीहून आणली. हुगळीच्या दोन्ही काठांवर पुढे ज्या गिरण्या झाल्या त्यांतील व्यवस्थापक, यंत्रांवरचे मुकादम आणि कारागीर मोठ्या प्रमाणावर डंडीचेच होते. गावात ज्याला मुकादमीपलीकडे बढती नव्हती तो हुगळीकाठी बंगला आणि नोकरचाकर असलेला साहेब होऊ शकत होता. १८८४ मध्ये तेथील गिरण्यांची संघटना स्थापन झाली आणि शतक संपण्याच्या सुमारास कलकत्त्याने डंडीला मागे टाकले होते. कच्चा माल दाराशी, मजुरी अत्यल्प आणि कामाचे तास जास्त, अशा स्थितीत अर्धी पृथ्वी ओलांडून ताग नेणाऱ्यांचा टिकाव लागणे कठीणच होते.

डंडीचे भांडवलही गावात थांबले नाही. रॉबर्ट फ्लेमिंग या डंडीच्या तरुण कारकुनाने १८७३ मध्ये अमेरिकन रेल्वेच्या रोख्यांत पैसा गुंतवणारा न्यास उभारला. १८८२ मध्ये डंडीतच स्थापन झालेल्या मॅटाडोर कंपनीने टेक्सासात प्रचंड कुरणे आणि गुरांचे कळप विकत घेतले. तागाचे धनिक शहराबाहेर ब्रॉटी फेरीच्या टेकडीवर वाड्यांत राहत होते आणि त्यांचा पैसा टेक्सासात चरत होता, त्या वेळी वेत्रवतींनी वर्णन केलेल्या बायका एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दाटीवाटीने राहत होत्या. मेरी अ‍ॅन बॅक्स्टर यांच्यासारखे अपवाद होते. त्यांच्या देणगीतून १८८१ मध्ये डंडीत विद्यापीठ महाविद्यालय स्थापन झाले आणि तेथे आरंभापासून स्त्री-पुरुषांना एकत्र प्रवेश होता.


गिरणगाव

कलकत्त्याच्या कामाच्या तासांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. डंडीचे गिरणीवाले आणि त्यांचे प्रतिनिधी १८९० च्या दशकात हिंदुस्थानातील फॅक्टरी कायदा कडक करा, कलकत्त्याच्या गिरण्या विजेच्या दिव्यांवर रात्री उशिरापर्यंत चालतात त्या थांबवा, अशी मागणी करत होते. मुंबईच्या कापड गिरण्यांबाबत मँचेस्टरवाल्यांनी हेच केले होते. त्यांना आपल्या मजुरांचा कळवळा नव्हता, त्यांना स्पर्धा नको होती. म्हणून आपल्याकडील अनेक देशभक्त पुढाऱ्यांनी फॅक्टरी कायद्यालाच विरोध केला.

या गदारोळात नारायण मेघाजी लोखंडे यांची भूमिका मला फार मोलाची वाटते. महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे दिले. आठवड्यात एक सुट्टी, दुपारची विश्रांती आणि ठरलेल्या वेळी पगार या त्यातील मागण्या होत्या. मँचेस्टर काय म्हणते आणि मुंबईचे मालक काय म्हणतात, या दोन्हींच्या पलीकडे जाऊन मजुराला काय हवे हे त्यांनी मजुराच्या तोंडून मांडले. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती या लढ्यामुळे. आणि पाहा, डंडीत ताग कामगारांची संघटना हेन्री विल्यमसन या पाद्र्याने काढली ती १८८५ मध्ये, म्हणजे लोखंड्यांच्या निवेदनानंतर एका वर्षाने. या दोन शहरांतील कामगारांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती, मागणे मात्र सारखे होते.


उत्तरवारा

मी कामानिमित्त बरीच वर्षे स्कॉटलंडमध्ये आहे. एडिनबरोहून रेल्वेने डंडीला जाताना शेवटी टे नदीवरचा लांबलचक पूल लागतो. खिडकीतून खाली पाहिले तर पुलाच्या शेजारी पाण्यातून वर आलेल्या जुन्या खांबांच्या बुंध्यांची एक रांग दिसते. ते पहिल्या पुलाचे अवशेष आहेत.

टॉमस बाउच यांनी बांधलेला तो पूल १ जून १८७८ रोजी वाहतुकीला खुला झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी संध्याकाळी मोठ्या वादळात, गाडी पुलावर असताना, त्याचा मधला उंच भाग कोसळला आणि गाडी सगळ्या प्रवाशांसह नदीत गेली. कोणीही वाचले नाही. मृतांचा आकडा पंचाहत्तरच्या आसपास सांगितला जात असे, पण नावानिशी खात्री पटलेले मृत ५९ आहेत. चौकशीत पुलाचा आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींत गंभीर दोष आढळले. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशेब केलेला नव्हता आणि ओतीव लोखंडाचे भाग सदोष होते. बाउच यांना नुकताच ‘सर’ किताब मिळाला होता. पुढच्या वर्षभरात ते वारले. नवा पूल १८८७ मध्ये झाला.

पाणवठा, तुमच्या बंदराच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे. तागाच्या गिरण्यांना कोळसा हवा होता आणि तो खाडीच्या पलीकडे, फाइफ परगण्याच्या बाजूला होता. पुलापूर्वी माल आणि माणसे होडीने पलीकडे जात. पूल व्हावा म्हणून गावच्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता.

आज गोदीच्या जागी बरीच भरणी झाली आहे आणि जुनी अर्ल ग्रे गोदी टे नदीवरच्या मोटार पुलाच्या रस्त्यांखाली गेली आहे. १८३३ च्या एका जवस गिरणीत तागाचे संग्रहालय आहे. तेथे जुनी यंत्रे चालवून दाखवतात, आणि तेलाचा वास येतो. भुसार आळी, तुम्ही तेथे गेलात तर डोळे मिटूनही ओळखाल.


खग्रास

देवमाशांवरून एक भर. १८८३ च्या डिसेंबरात एक कुबड्या देवमासा स्वतःहून टे खाडीत शिरला आणि दिवसेंदिवस डंडीसमोर उड्या मारत राहिला. गावातील शिकारी जहाजे हिवाळ्यासाठी परतलेली होती आणि भालाफेके रिकामे होते. वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी त्याला भाल्यांनी जखमी केले. तो निसटला, पण जानेवारीत मेलेला सापडला. जॉन वुड्स नावाच्या तेल व्यापाऱ्याने तो २२६ पौंडांना विकत घेतला आणि तिकीट लावून लोकांना दाखवला. आपल्या गावाच्या पोटापाण्यासाठी मरणारा प्राणी लोकांनी पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. त्याचा सांगाडा डंडीच्या मॅकमॅनस संग्रहालयात टांगलेला आहे.

दुसरी भर मुंबईची आहे. पॅट्रिक गेडिस हे १८८८ ते १९१९ डंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नगररचनेचे जे विचार त्यांनी मांडले, त्यांच्यामागे स्कॉटलंडच्या अशा धुराने भरलेल्या, दाटीच्या शहरांचा अनुभव होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले आणि गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. मराठी मुलखातील समाजशास्त्राच्या अध्यापनाची सुरुवात ताग गिरण्यांच्या गावातून आलेल्या माणसाने केली, ही नोंद या धाग्यात असावी असे वाटले.


भुसार आळी

सर्वांचे आभार. शेवटचा एक प्रश्न राहिला. कापड मागावर विणले गेले, रुळाखाली गुळगुळीत झाले. त्याचे पोते कोण शिवत होते? आमच्याकडे पोती शिवायला ज्या बायका येत त्या बाजारातल्या सर्वांत गरीब असत, म्हणून विचारतो.


वेत्रवती

डंडीतही तसेच होते. कारखान्यांत शिलाई यंत्रे आल्यावरही जाड पोत्यांची बरीचशी शिलाई हातानेच होत राहिली आणि ती घरी नेऊन करायचे काम होते. ज्यांना वयामुळे गिरणीत कोणी घेत नसे अशा म्हाताऱ्या, अंगावर पिणारे मूल असलेल्या आया, नवरा आजारी असलेल्या बायका कारखान्याच्या दारातून कापलेल्या पोत्यांचे भारे उचलत, पाठीवर किंवा मोडक्या बाबागाडीतून घरी नेत आणि जाड सुईने शिवून परत आणून देत. पैसे पंचवीस पोत्यांच्या गठ्ठ्यावर मिळत. या शहरात त्याहून कमी मजुरीचे काम क्वचितच असेल. खोली एकच असल्यामुळे शिवलेली पोती रात्री खाटेशेजारी रचून ठेवत आणि थंडी जास्त असली की मुलांच्या अंगावर पांघरूण म्हणून घालत. सकाळी ती झटकून, मोजून, पुन्हा गठ्ठा बांधून कारखान्यात पोहोचवली जात.